पाय हैफात, डोकं कुवेतात

मित्रांनो, मी एक जुनी शिलाईची मशीन आहे. काळी, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, आणि पाय नसलेली. लगेच हळहळू नका बरं! माझे पाय हरवलेले नाहीत. ते कुठे आहेत हे मला ठाऊक आहे. निदान छप्पन्न वर्षांपूर्वी कुठे होते, ते तरी पक्कं ठाऊक आहे.

सध्या माझा मुक्काम कुवेतच्या रुमैथिया भागात, एका उजेडाच्या खिडकीशी असतो. पण त्याआधीची कितीतरी वर्षं मी कुवेतच्याच खैतान भागात काढली. तिथल्या मुबीन टेलरच्या दुकानात माझी अशी काही फजिती झाली की आठवलं तरी माझं चाक आपोआप हलतं. ती फजिती सांगायची तर आधी माझा प्रवास सांगायला हवा. तो लांबचा आहे. जरा सावरून बसा.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला, त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली. तिथल्या एका मुलीने बारीक कुंचल्याने माझ्या अंगावर सोनेरी वेल काढली. माझ्यासाठी ओतीव लोखंडाचे पाय केले, त्यांच्यावरही तशीच वेल. पायांच्या मधोमध, शिवणाऱ्याने पायाने दाबायची पावडी. ती पावडी हलली की मी अशी पळायचे की विचारू नका! स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण माझी टीप मोत्यासारखी पडायची, हे खोटं कशाला सांगू?

मला विकत घेतलं एका ज्यू बापाने, आपल्या मुलीसाठी. तिचं नाव हाना. हाना कपडे छान शिवायची. पण त्या देशात तेव्हा वारं फिरलं होतं. ज्यू माणसाकडून काही घेऊ नका, त्यांना कामं देऊ नका, असं राज्यकर्तेच सांगू लागले. हानाच्या दुकानाची काच दोनदा फुटली. तिसऱ्यांदा काच बसवण्याऐवजी तिने मला खोक्यात भरलं आणि जहाजात चढवलं. ते साल होतं एकोणीसशे चौतीस. जहाज लागलं पॅलेस्टाईनमधल्या हैफा बंदराला.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं इथूनच निघतं. ज्यू लोकांचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी त्या भूमीत राहत होते. ते जगभर विखुरले, तरी रोजच्या प्रार्थनेत त्या भूमीचं नाव घेत राहिले. युरोपात छळ वाढला तसे ते म्हणू लागले, आपल्याला आपलं म्हणून एक घर हवं, आणि ते तिथेच हवं. पण ती भूमी काही रिकामी पडली नव्हती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या अरब कुटुंबं राहत होती. त्यांची जैतुनाची झाडं होती, संत्र्यांच्या बागा होत्या, दुकानं होती. आधी तिथे तुर्कांचं राज्य होतं. पहिल्या महायुद्धात ते गेलं आणि इंग्रज आले. इंग्रजांनी अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवली होती, आणि ज्यूंनाही सांगितलं होतं की तुमचं घर इथे व्हायला आम्ही मदत करू. दोन्ही डगरींवर हात! त्यातून माणसांच्या मनात एकमेकांची भीती बसली, दंगे झाले, दोन्हीकडची माणसं मेली.

हानाचं दुकान मात्र चालत होतं. चव्वेचाळीस साली तिच्याकडे सोळा वर्षांची एक अरब मुलगी शिवण शिकायला आली. ती असमा. जात्याच हसरी, आणि बोटं अशी चपळ की मलाच तिच्या मागे धावावं लागे. पहिल्याच महिन्यात तिने माझ्या बाबतीत एक मोठी चूक केली, आणि मी तीन दिवस ठप्प झाले. ती चूक कोणती ते मी आता सांगणार नाही. ती सांगायचा मान असमाचा आहे, आणि तिने तो कुठे आणि कसा घेतला ते पुढे येईलच.

सत्तेचाळीस साली असमाचं लग्न ठरलं, यूसुफ नावाच्या टेलरशी. त्यांच्याकडे लग्नात मुलगी थोब घालते. थोब म्हणजे पायघोळ झगा. काळ्या कापडावर लाल धाग्याची भरतकामाची नक्षी असते, आणि ती भरायला वर्षदोन वर्षं लागतात. असमाने नक्षी स्वतः भरली होती. भरलेले ते भाग जोडायची शेवटची टीप हानाने माझ्यावर मारली, आणि मग मलाच आहेरात देऊन टाकलं. "माझ्यापेक्षा हिला तुझी जास्त सवय झाली आहे," असं म्हणाली. तेव्हापासून असमाच्या घरात रीत पडली. घरातल्या मुलीच्या थोबची शेवटची टीप माझ्यावर पडायची. दुसरी कोणतीही मशीन चालायची नाही.

त्याच साली जगातल्या राष्ट्रांनी मिळून ठरवलं की पॅलेस्टाईनचे दोन भाग करायचे, एक ज्यूंचा आणि एक अरबांचा. ज्यू पुढाऱ्यांनी ते मानलं. अरब पुढारी म्हणाले, आमच्या घराची वाटणी आम्हाला न विचारता कोण करतो? आणि लढाई जुंपली. अठ्ठेचाळीसच्या एप्रिलमध्ये ती हैफाच्या रस्त्यांवर आली. काहीजण अरबांना म्हणत होते, राहा, जाऊ नका. पण तोफगोळे पडत होते, आणि आसपासच्या गावांतून भयंकर बातम्या येत होत्या. माणसं वाट फुटेल तिकडे निघाली. यूसुफला नाबलूसकडे जाणारा एक ट्रक मिळाला. ट्रकवाला म्हणाला, माणसं आणि गाठोडी घेईन, लोखंड घेणार नाही.

यूसुफने माझे स्क्रू काढले आणि मला पायांपासून वेगळं केलं. असमाने मला रजईत गुंडाळून मांडीवर घेतलं. तेवढ्यात हाना धावत आली. तिला त्या रस्त्यावर येण्यात धोका होता, तरी आली. माझे पाय तिने ओढत आपल्या दुकानाकडे न्यायला घेतले आणि ओरडून म्हणाली, "हे माझ्याकडे आहेत! परत आलीस की जोडू!"

पंधरा दिवसांत परत येऊ, असं सगळेच समजत होते. पुढच्या महिन्यात इस्रायल हा नवा देश जाहीर झाला. शेजारच्या अरब देशांनी त्यावर सैन्य घातलं, मोठं युद्ध झालं, आणि ते संपलं तेव्हा सातएक लाख पॅलेस्टिनी माणसं बेघर झाली होती. त्यांना परत जाऊ दिलं नाही. पुढच्या वर्षांत अरब देशांतले लाखो ज्यूही आपापली घरं सोडून इस्रायलकडे आले. त्यांच्याही गाठोड्यांत माझ्यासारख्या मशिनी असणार. मला आपलं राहून राहून वाटतं, त्यांचे पाय कुठे राहिले असतील?

नाबलूसला यूसुफने मला लाकडी पाटावर बसवलं आणि चाकाला दांडा लावला. पायमशीनची मी हातमशीन झाले. सुरुवातीला फार लाज वाटली, पण पोटापुढे लाज किती दिवस टिकणार? सत्तावन्न साली यूसुफ आणि असमा मला घेऊन कुवेतला आले. तेलाचा पैसा नुकता वाहू लागला होता. शाळांना शिक्षक हवे होते, दवाखान्यांना डॉक्टर हवे होते, आणि पॅलेस्टिनी लोक शिकलेले होते. ते हजारोंनी आले. त्या सगळ्यांचे कपडे यूसुफच्या खैतानच्या दुकानात शिवले गेले. सदुसष्टच्या युद्धात इस्रायलने नाबलूसही घेतलं, आणि मागे वळायचं दुसरं गावही गेलं. पण माझ्या घरात लेकरं हसत होती, मोठी होत होती. चौऱ्याहत्तर साली असमाच्या लेकीच्या थोबची शेवटची टीप माझ्यावर पडली. सुखाची वर्षं होती ती, खरंच सांगते.

मुबीन आला चौऱ्याऐंशी साली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाणकोटचा, सडपातळ, लाजाळू. यूसुफने त्याला काज-बटणाला ठेवलं आणि सहा महिन्यांत कात्री त्याच्या हातात दिली. असमाला तो खाला म्हणजे मावशी म्हणायचा, आणि ती त्याला 'या इब्नी' म्हणजे बाळा म्हणायची. अरबी, हिंदी आणि हातवारे, अशा तीन भाषांत त्यांच्या गप्पा चालायच्या. गावी त्याची बायको मुमताज होती, आणि लेक तहरीम, जिला त्याने तोवर फक्त फोटोत पाहिलं होतं.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. हिंदुस्थानी माणसं जीव मुठीत धरून बगदादमार्गे अम्मानला निघाली, तिथून विमानाने मुंबईला. मुबीनही निघाला. बसमध्ये एकच पिशवी घेऊ देत होते. त्याने आपली पत्र्याची पेटी असमापुढे ठेवली. तिच्यात मुमताजसाठी घेतलेला दोन तोळ्यांचा हार होता, चार साड्या होत्या, आणि तहरीमची डोळे मिटणारी बाहुली होती.

"खाला, ही अमानत," तो म्हणाला. अमानत म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. हा शब्द दोघांच्याही भाषेत होता, त्यामुळे हातवारे करावे लागले नाहीत.

सात महिने असमा त्या पेटीवर बसून शिवत होती. अक्षरशः बसून! समोर मी, खाली पेटी. सैनिक दोनदा घर तपासायला आले. कपाटं उघडली, गाद्या उलटल्या. ही बाई मात्र माझा दांडा फिरवत राहिली, मान वर न करता. म्हातारी शिवतेय म्हणून तिला कोणी उठवलं नाही. मुबीन एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात परत आला तेव्हा पेटी जशीच्या तशी होती. हार, साड्या, बाहुली. तो तिथेच जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला.

पण तेव्हा असमाचीच बांधाबांध चालू होती. पॅलेस्टिनी पुढाऱ्यांनी इराकची बाजू घेतली म्हणून कुवेतचे लोक संतापले होते. ज्यांनी काही केलं नव्हतं तेही त्या रागात सापडले. चार लाखांपैकी फार थोडे उरले, बाकीच्यांना जावं लागलं. अम्मानला निघालेली यूसुफची जुनी मोटार टपापर्यंत भरली होती. मला ठेवायला जागा नव्हती. आयुष्यात दुसऱ्यांदा मी लोखंड ठरले!

मुबीनने मला उचलून छातीशी धरलं. "खाला, आता माझी पाळी. ही अमानत. तुम्ही याल तेव्हा चालू हालतीत परत देईन."

मित्रांनो, 'चालू हालतीत' हे शब्द ध्यानात ठेवा. सगळा घोटाळा त्यांनीच केला.

दुकान मुबीनने चालवायला घेतलं. लढाईनंतर बाजारात धड काही मिळत नव्हतं, मशीनचं तेलही नाही. मुबीनकडे आईने दिलेली घाण्याच्या खोबरेलाची बाटली होती. त्याने काय करावं? त्यातलं शुद्ध, सुवासिक खोबरेल माझ्या भोकाभोकांत घातलं. मी ओरडले, पण मशिनीचं ऐकतो कोण? उन्हाळ्याचे दिवस होते, तेल पातळ होतं, चाक गरगर फिरलं. मुबीन खूश. पुढे त्याने विजेवर चालणारी जपानी मशीन घेतली आणि मला मखमली खोळ घालून कोपऱ्यात मानाने बसवलं. दर वर्षी ऑगस्टमध्ये गावाहून परतला की ताजं खोबरेल आणायचा, मला घालायचा, दोन वेढे फिरवून पाहायचा आणि खोळ घालून ठेवायचा. बाजारात मशीनचं तेल केव्हाच आलं होतं. पण अमानतीला बाजारचं तेल घालायचं, हे त्याच्या मनाला पटत नसे. माझ्यावर इतकं प्रेम कोणी केलं नसेल आणि इतका छळही कोणी केला नसेल. अति तिथे माती म्हणतात ते काही खोटं नाही.

वर्षं गेली. त्र्याण्णव साली दुकानातल्या टीव्हीवर इस्रायली आणि पॅलेस्टिनी पुढाऱ्यांनी हात मिळवलेले दिसले. मुबीनने कात्री टाकून अम्मानला फोन लावला. पलीकडून असमा म्हणाली, "बघू या, बाळा. माझ्या मशीनचे पाय आठवले मला." मग दोन हजार साली पुन्हा दगड, गोळ्या, बाँब, आणि ते पाय पुन्हा लांब गेले. मध्ये यूसुफ अम्मानमध्ये वारला. मुबीन दर ईदला पत्र पाठवायचा आणि शेवटी न चुकता लिहायचा, 'अमानत चालू हालतीत आहे.'

दोन हजार चार साल उजाडलं. जानेवारीतल्या एका शनिवारी फोन आला. असमाच्या जावयाला पुन्हा कुवेतमध्ये नोकरी मिळाली होती आणि तो नुकताच रुमैथियात राहायला आला होता. नातीचं लग्न ठरलं होतं. "गुरुवारी लग्न आहे," असमा म्हणाली. "थोब मी भरून आणलाय, पाच वर्षं लागली. फक्त शेवटची टीप राहिली आहे. बुधवारी अकराला दुकानात येते. माझी मशीन चालते ना रे?"

"खाला, एकदम फर्स्ट क्लास!" मुबीनने ठोकून दिलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्याची खरीच तशी समजूत होती.

फोन ठेवून त्याने माझी खोळ काढली, फडक्याने मला पुसलं, दांडा धरला आणि फिरवला. मी हलले नाही. त्याने जोर लावला. मी तसूभरही हलले नाही. कशी हलणार? बाहेर कुवेतची थंडी हाडं गोठवत होती, आणि माझ्या पोटात तेरा वर्षांचं खोबरेल दगड होऊन बसलं होतं.

मुबीनच्या तोंडचं पाणी पळालं. रविवारी त्याने एक मशीनदुरुस्तीवाला आणला. तो मला ठोकून म्हणाला, "खलास! सुलैबियाच्या भंगारवाल्याला द्या." तुला देते भंगारात, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सोमवारी कोणी सल्ला दिला, जपानी मशीनवर शिवून टाका, म्हातारीला काय कळतंय? मुबीनने त्याला दुकानाबाहेर काढलं. पण भीती वाईट असते. मंगळवारी दुपारी त्याच्याच मनात आलं की शुक्रवारच्या जुन्या बाजारात अशाच काळ्या मशिनी मिळतात, एक आणून ठेवावी. मग त्याच्या ध्यानात आलं की लग्न गुरुवारी आणि बाजार शुक्रवारी. वरातीमागून घोडं! तो कपाळाला हात लावून माझ्यासमोर बसला.

"सात महिने ती माझ्या पेटीवरून उठली नाही," तो मला म्हणाला. "आणि मी तुला मारून टाकली गं."

मी मेले नव्हते. पण हे त्याला सांगणार कसं?

संध्याकाळी महादेव चहाला आला. हा संगमेश्वरकडचा, एसी दुरुस्त करणारा. थंडीत एसीवाल्यांना काम कमी, म्हणून दिवसाआड चक्कर टाकायचा. त्याने मुबीनचा चेहरा पाहिला, मला पाहिलं आणि बॅटरी काढून माझ्या तेलाच्या भोकात डोळा घातला. आत पांढरं काहीतरी होतं. त्याने काडीने टोकरलं, नाकाशी नेलं, आणि एकदम ताठ उभा राहिला.

"मुबीनभाई, हे खोबरेल हाय!"

"मग? घाण्याचं आहे. आईने दिलेलं."

"अरे देवा! माझ्या खोलीतली बाटली बघितलीस? ताठ गोठलीय. उन्हात ठेवल्याशिवाय केसाला लागत नाय. तुझ्या मशीनचं तेच झालंय. करायला गेलास गणपती आणि झाला मारुती!"

"म्हणजे ती मेली नाही?"

"थंडी वाजतेय तिला. दुसरं काय! उद्या सकाळी सातला येतो. माझी पाळी दुपारची हाय. तू हीटर आण, केरोसिन आण, आणि मशीनचं तेल आण. दुकानातलं. आईने दिलेलं नको."

मुबीन चार दिवसांत पहिल्यांदा हसला. माझाही जीव भांड्यात पडला.

बुधवारी सकाळी त्यांनी मला हीटरसमोर ठेवलं आणि वर शाल पांघरली. हळूहळू माझ्या अंगातून खोबरेलाचे ओघळ वाहू लागले. दुकानभर वास सुटला, खमंग! मग महादेवने माझा एकेक भाग सोडवून वर्तमानपत्रावर मांडला. केरोसिनचा बोळा, सुई, जुना टूथब्रश. तेरा वर्षांचा चिकट थर निघत होता. महादेवचे हात काळे झाले होते, मुबीनचे कपडे पिवळे. "आता अकरापर्यंत जोडून होईल," असं महादेव म्हणतोय तोच दार उघडलं.

असमा दारात उभी होती. नऊच वाजले होते. तिला घरी धीर निघाला नव्हता. शहात्तर वर्षांची, हातात काठी, काखेत थोबचं बोचकं. तिने आत पाहिलं. मी तुकड्या-तुकड्यांनी वर्तमानपत्रावर पडले होते.

मुबीन उभा राहिला. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. साफसफाई करतोय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तो तसा नव्हता.

"खाला, मी खोटं बोललो. अमानत चालत नव्हती. मी तिला तेरा वर्षं खोबरेल घातलं. चांगलं तेल म्हणून घातलं. मला माफ करा."

असमा काठी टेकत आली, खुर्चीवर बसली, वाकून माझं चाक हातात घेतलं आणि त्याचा वास घेतला. मग ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मुबीन घाबरून पाणी आणायला धावला.

"या इब्नी," ती श्वास घेत म्हणाली, "हैफाला मी हानाकडे शिकायला लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी हिला जैतुनाचं तेल घातलं होतं! आमच्या झाडांचं, पहिल्या घाण्याचं. घरून चोरून नेलं होतं. मला वाटलं, बिचारी परदेशातून आली आहे, हिला काहीतरी चांगलं द्यावं. तीन दिवस बंद पडली. हाना इतकी ओरडली की सबंध गल्ली जमली. मग आम्ही दोघींनी बसून हिला अशीच धुतली. धुताना हाना म्हणाली, मुली, प्रत्येक जण आपल्या घरचं सगळ्यात चांगलं तेलच हिला घालणार. पण हिला काय हवं, हे कोणीतरी हिला विचारायला हवं."

मुबीनला रडं आणि हसू एकदमच आलं. महादेवने तोंड फिरवून नाक पुसलं, आणि नाकालाही काळं लागलं. तर मित्रांनो, ही ती मागे ठेवलेली चूक.

मग तिघांनी मिळून मला जोडलं. कोणता स्क्रू कुठे, ते असमा डोळे मिटून सांगत होती. खरं मशीनचं तेल पोटात गेलं तेव्हा काय सुख वाटलं म्हणून सांगू! मुबीनने दांडा धरला, आणि मी फिरले. पहिला वेढा कुरकुरत, दुसरा बरा, तिसऱ्याला तर मी गाऊच लागले. महादेवने "गणपती बाप्पा!" म्हटलं, मुबीनने "मोरया!" म्हणून टाकलं, आणि असमाने काही न समजता टाळ्या वाजवल्या.

तिने थोब उलगडला. काळ्या कापडावर लाल सुरूची झाडं, ओळीने. मुबीनने दांडा फिरवला, असमाने कापड धरलं, कारण एकटीने दोन्ही करायचं तर तिचे हात आता थरथरत. शेवटची टीप वीतभर होती. ती मी कधी नव्हे ती सावकाश मारली, घाई केली नाही. टीप संपल्यावर असमाने दातांनी धागा तोडला आणि म्हणाली, "मुबीन, तुझी अमानत पोचली."

त्या शब्दांसाठी मुबीन तेरा वर्षं थांबला होता.

गुरुवारी मी महादेवच्या कंपनीच्या गाडीतून रुमैथियाला गेले. नातीने तो थोब घालून मला मिठी मारली, आणि लग्नाच्या गर्दीत माझ्याही दांड्याला कोणीतरी फुलं बांधली. मुबीन आणि महादेव पुढच्या पंगतीत जेवले. लग्नानंतर असमा अम्मानला परत गेली. तिची ती नात आता दर सोमवारी माहेरी येऊन माझ्याशी झटापट करते. तिला अजून सुईत धागा ओवता येत नाही, पण येईल. मुबीन महिन्यातून एकदा येतो, येताना बाजारातलं तेल आणतो, आणि बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचून मगच घालतो.

तर मित्रांनो, मी सुखात आहे. तुमच्या घरात कोणाची वस्तू ठेवायला दिलेली असेल, तर ती नुसती जपू नका, वरचेवर चालवून पाहत जा. आणि चूक झाली असेल तर मुबीनसारखी सांगून टाका. समोरच्यानेही कधीतरी तीच चूक केलेली असते.

एकच काम तुमच्याकडे मागते. हाना आता असेल की नाही, मला ठाऊक नाही. पण तुमच्यापैकी कोणी मोठेपणी हैफाला गेलं, आणि कुठल्या घरात वेलबुट्टीचे ओतीव लोखंडी पाय दिसले, कदाचित त्यांवर फुलाची कुंडी ठेवली असेल, तर त्या घरच्यांना सांगा की वरचा भाग कुवेतमध्ये धडधाकट आहे, आणि अजून टीप मोत्यासारखी पडते. तेवढं सांगून झालं की त्या पावडीला थोडं तेल घाला. तिला हवं असेल ते घाला. खोबरेल तेवढं नको.